पांढरी रेघ

आमच्या सणसरकडे ऊस फार. तरी इंदापूर तालुक्यांतलीं द्राक्षेंहि परदेशीं जातात. गेल्या फाल्गुनांत पेट्यांवर लेबलें लावतांना बारकोडांत एक पांढरी रेघ उमटूं लागली. स्कॅनरास तो वाचतां येईना. भरलेली गाडी उन्हांत खोळंबली. आमच्या प्रिंटरच्या प्रिंटहेडांत इंचास २०३ सूक्ष्म ठिपके आहेत. ते तापले म्हणजे खूण उमटते. त्यांवर लेबलाचा डिंक बसला होता, इतकेंच! आम्हीं उतावीळपणें तो चाकूनें खरवडला. झालें, ठिपके कायमचे मेले आणि एका रेघेच्या तीन झाल्या. बारामतीहून नवें प्रिंटहेड येईतों सांज झाली. घड मलूल होऊं लागले. आतां दर रिळामागें यंत्र बंद करून, तें निवल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या मऊ कापडानें आम्ही प्रिंटहेड पुसतों. चाकू वडिलांनीं कुलपांत ठेविला आहे.