वारा फिरला की



गेल्या वर्षी एका शिबिरात मी सुगरणीच्या खोप्याबद्दल बोलायला लागलो, तर मागून एक पोरगा म्हणाला, "सर, पाखरंबिखरं पांढरपेशांना राहू द्या. आपल्याला कुठं वेळ आहे?" पोरं हसली. मीही हसलो. पण मला पाखरं कुणी दुर्बीण देऊन दाखवली नव्हती. पाण्यासाठी बसून बसून दिसली होती. एवढं सांगायचं राहिलं, ते इथं लिहितो.

सीनेच्या काठचं आमचं गाव. म्हारवाडा गावाच्या पूर्वेला. का, तर वर्षातले जास्ती महिने वारं पश्चिमेचं. आमच्यावरून गेलेलं वारं गावावर जायला नको, असं थोरली माणसं सांगायची. गावच्या विहिरीवर एक बाभळ वाकलेली. विहिरीपासनं वीसेक पावलांवर, पूर्वेच्याच अंगाला, एक सपाट दगड. त्या दगडाच्या पुढं आमच्या बायांनी जायचं नाही. तिथं घागर घेऊन बसायचं. गावची बाई यायची, तिचं भरून व्हायचं, मग तिच्या मनाला आलं तर वाढायची. "वाढा की वो माय घागरभर" असं म्हणत माझी आय बसायची. शेजारी मी. तास तास. इतका वेळ बसलेल्या माणसानं बघायचं तरी काय? आभाळ, बाभळ आणि दुसऱ्याचा पोहरा.

मी रहाटाची करकर मोजायचो. दिवाळीच्या सुमाराला दहाएक करकरीत पोहरा पाण्याला लागायचा. शिमगा झाला की पंधरा. वैशाखात पंचवीस झाल्या तरी पाण्याचा आवाज येत नसे. दोराला दोर जोडायचे. वाढणारीचे हात भरून यायचे आणि पहिली काट आमच्या घागरीला बसायची. अर्धी घागर म्हणजे वैशाख. मला तिथी वाचता येत नव्हती तेव्हाचं हे पंचांग.

मृगात बाभळीवर पाखरं गोळा व्हायची. आमच्याकडं पाऊस कमीच, त्यामुळं गवत हातभर व्हायला आखाड उजाडायचा. मग खोपे लागायचे. शाळेच्या पुस्तकातल्या कवितेनं सगळ्यांना वाटतं, मादी विणते. विणतो नर. पिवळ्याधमक डोक्याचा. पात चिरून एकेक धागा आणतो, अर्धा खोपा करतो आणि त्याला लोंबकळून पंख फडफडवतो. मादी येऊन आत बघते. पसंत पडला तर तो पुढची नळी विणून पुरा करतो. नाही पडला तर तो अर्धाच लोंबत राहतो. आत चिखलाचे ठिपके लावलेले असतात. पाऊस सरला की नराचा पिवळा रंग उतरतो, मग नर कोण नि मादी कोण, ओळखू येत नाही.

खोपे सगळे पूर्वेच्या फांदीला, पाण्यावर लोंबते. पाण्यावर अशासाठी की सापानं वर यायचं तर यावं कुठनं? आणि पूर्वेला अशासाठी की पश्चिमेच्या वाऱ्यापावसाला झाडाची आड मिळते. पाखरानं आसरा म्हणून धरलेली दिशा आणि गावानं विटाळ म्हणून आम्हाला दिलेली दिशा, एकच. हे मला चाळिशीत उमगलं. तेव्हा नुसतं दिसत होतं. पाखरू विहिरीत उतरून पाणी प्यायचं, त्याची विष्ठा पाण्यात पडायची. कुणी काही शिंपडलं नाही. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाणी घेतलं, त्यानंतर शेणगोमूत्रानं तळं 'शुद्ध' केलं गेलं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं. पाखराला एक उडी पुरते.

कार्तिक सरता सरता वारं फिरायचं. पूर्वेकडनं यायला लागायचं, म्हणजे आमच्याकडनं विहिरीकडं. मग गावच्या बायका ओरडायच्या, "पलीकडं बसा गं, वारं तुमच्याकडनं यायलंय!" आय घागर उचलायची. आम्ही रस्ता ओलांडून विहिरीच्या पश्चिमेला निवडुंगापाशी जाऊन बसायचो. लोकांची थंडी शेकोटीनं सुरू होते, आमची दगडावरून उठवलं की सुरू व्हायची. निवडुंगापासनं खोपे दिसत नसत, बाभळीचं खोड मधी यायचं. त्यामुळं थंडीत त्या रिकाम्या खोप्यांचं काय होतं, हे मला लहानपणी कधीच कळलं नाही. माझ्या नोंदीत तेवढे महिने कोरे.

१९७२ साली एकही खोपा लागला नाही. गवतच नव्हतं. मी दहा वर्षांचा. विहिरीत तळाचा दगड दिसला तेव्हा गावच्या बायका नदीच्या वाळूत झिरे उकरायला आल्या. वाटलं, आता सगळ्या एका वाळूत बसतील. पण नदीलाही उतार असतो. त्यांचा झिरा वरच्या अंगाला, आमचा खालच्या. दुष्काळी कामावर आय खडी फोडायची, सुकडी मिळायची. वाटी मात्र ज्याची त्याची.

ती विहीर आम्हाला कधीच खुली झाली नाही. पुढं वस्तीत हातपंप आला, मग नळ आला आणि विहिरीची गरजच संपली. आता ती कचऱ्यानं निम्मी भरली आहे. बाभळ आहे. दगड आहे. आय नाही.

या जानेवारीत मी त्या दगडावर जाऊन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा, थंडीत. सुगरणी निघून गेलेल्या. पण जुन्या खोप्यांत दुसरीच पाखरं शिरत होती. मळकट रंगाची, चिमणीहून बारकी मुनिया. संध्याकाळी एका खोप्यात चार गेलेली मोजली. म्हणजे खोपे रिकामे नसायचेच. वारं पूर्वेचं, माझ्या पाठीवरून विहिरीकडं जात होतं.

गावातली एक म्हातारी शेळी घेऊन चालली होती. थांबली. "काय वो सर, हितं का बसलाय?"

"पाखरं बघतोय, आजी."

"मग तिकडं निवडुंगाकडं बसा की. तिकडं वारं लागत न्हाई."

मी म्हणलं, "हितंच बरंय."