तिसरी खुर्ची

सरोजिनी नगरातील एका समुपदेशिकेकडे आम्ही उभयता जाऊ लागलो, तेव्हा प्रत्येक भेटीनंतर मी मनाशी हिशेब करी : आज बाईंनी कोणाची बाजू घेतली? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारक व उपचारार्थी यांच्या नात्याची तीन अंगे मांडली : ध्येयाविषयी एकमत, करावयाच्या कामाविषयी एकमत आणि परस्परस्नेह. दांपत्याच्या बाबतीत मात्र हा स्नेह एकाशीच जडला, तर दुसरा परका होतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हे आधीच उमगावयास हवे होते. दुभाषी एकाच पक्षाचा झाला की संवाद खुंटतो. एकदा पत्नी म्हणाली, "तू त्यांच्याशी बोलतोस, माझ्याशी नाही." बाई काहीच बोलल्या नाहीत. मी खुर्ची पत्नीकडे वळवली. आमची प्रगती मी त्या दिवसापासून मोजतो.