पाचवी ओळ म्हणजे नक्की कुठली?

ऑफिसात नवीन आलेलं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. "क्वेरीच्या रिझल्टमधली फक्त पाचवी ओळ कशी काढायची?" मी उलट विचारतो, "पाचवी, पण कुठल्या क्रमानं?" की समोरचा गप्प :-)

आयबीएममधल्या एडगर कॉडनं १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यात टेबल म्हणजे संच, आणि संचात पहिला-शेवटचा कुणी नसतो. 'ऑर्डर बाय' लिहिलं नाही तर डेटाबेस ओळी कुठल्याही क्रमानं देऊ शकतो. रोज त्याच क्रमानं येतात म्हणून आपण निर्धास्त असतो. मग एक दिवस कुणीतरी नवा इंडेक्स टाकतं आणि पाचव्या जागी भलतीच ओळ येते. एरर वगैरे काही नाही. पगार भलत्याच्या नावावर!

आमच्या नाशकात हे कोडं फार पूर्वीपासून सोडवत आलेली मंडळी आहेत. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात, नामावळी. आलेल्या यजमानानं आपलं नाव, गाव, सोबत कोण होतं ते लिहायचं आणि खाली सही करायची.

आजी गेली तेव्हा बाबांबरोबर मीही गेलो होतो. गुरुजींनी "कितवं पान?" असं विचारलं नाही. "आडनाव? मूळ गाव?" एवढंच. बरोबर वही निघाली. बाबांनी त्यांच्या आजोबांचं नाव सांगितलं, तर त्या नावाच्या दोन नोंदी! नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली पद्धत. त्यामुळे एका पिढीआड नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळंच जुळतं.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बरोबर भाऊ कोण आला होता, आठवतंय का?"

बाबांना एका चुलत आजोबांचं नाव आठवलं. नोंद सापडली. खाली मोडीतली सही. बाबांना मोडी येत नाही, पण ते बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले.

क्वेरीतही हेच करायचं. २००३ च्या एसक्यूएल स्टँडर्डपासून 'रो नंबर' आहे, पण तो कुठल्या क्रमानं द्यायचा हे आपणच सांगायचं. नुसत्या तारखेवर क्रम लावलात आणि दोन ओळींची तारीख एकच निघाली, तर पुन्हा गोंधळ. म्हणून शेवटी प्रायमरी की जोडायची. ओरॅकलचा जुना 'रोनम' तर क्रम लागण्याआधीच नंबर वाटून मोकळा होतो. तिथे आधी आतल्या क्वेरीत क्रम लावायचा, मग बाहेर मोजायचं.

कॉम्प्युटरला प्रायमरी की देता येते. आमच्या घरची मात्र तेव्हा फक्त बाबांच्या डोक्यात होती. ते एक नाव आठवलं नसतं, तर दोन्हींतले आपले कोण हे कळलंच नसतं. गुरुजींनी वही पुढे केली तेव्हा मी आत्या, काका, चुलत भावंडं सगळ्यांची नावं लिहिली. अर्धं पान भरलं. बाबा म्हणाले, "एवढं कशाला?"

म्हटलं, असू दे. पुढच्यांना शोधायला बरं पडेल.