इस्त्रीला लागलेलं पाणी

हिंजवडीत राहायला आल्यापासून माझ्या स्टीम इस्त्रीने पांढऱ्या शर्टांशी वैरच धरलं. बटण दाबलं की कॉलरवर तपकिरी थेंब! इस्त्री चांगली होती, दोष पाण्याचा. आमच्या सोसायटीत बोअर नाहीतर टँकर. त्या जड पाण्यातले क्षार तापून आत थर धरतात आणि वाफेबरोबर थेट कपड्यावर येतात.

उपाय सोप्पा आहे. आधी माहितीपुस्तिका बघा, काही इस्त्र्यांना व्हिनेगर चालत नाही. चालत असेल तर टाकीत निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी भरा. इस्त्री तापवा, प्लग काढा, बेसिनवर आडवी धरून हलवत वाफ सोडा. मग दोनदा नुसत्या पाण्याने तेच करा. शेवटी जुन्या फडक्यावर फिरवून बघा. आणि हो, काम झालं की टाकी रिकामी करायची!

गंमत म्हणजे हिंजवडी मुळशी तालुक्यात येते. इथल्याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांसोबत शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झालं, गावं बुडाली. ते पाणी आजही सह्याद्री उतरून भिऱ्याला वीज तयार करतं आणि आम्ही त्याच तालुक्यात टँकरची वाट बघतो. कॉलरवरचा डाग व्हिनेगरने टळतो, हे मात्र खटकत राहतं.