एकाच युनिटचे दोन दर

विदर्भातल्या एका कारखान्यासाठी मी विजेच्या मूल्यांकनाचा अहवाल दिला होता. कारखान्याचं स्वतःचं वीजकेंद्र आहे आणि आयकर कायद्याच्या ८०-आयए कलमाखाली त्या केंद्राच्या नफ्यावर सवलत मिळते. केंद्राने आपल्याच कारखान्याला दिलेली वीज जितकी महाग दाखवाल, तितका करमुक्त नफा वाढतो. म्हणूनच २०१३-१४ या करनिर्धारण वर्षापासून असे घरातल्या घरातले मोठे व्यवहारही ट्रान्सफर प्रायसिंगच्या, म्हणजे आपसातल्या व्यवहाराचा दर बाजारभावाशी ताडून पाहणाऱ्या नियमांच्या, कक्षेत आले. संशय रास्तच आहे. आयकर अधिकाऱ्यांच्या जागी मी असतो तर तेच विचारलं असतं.

मी राहतो कोराडीत, ६६० मेगावॉटच्या तीन वीजसंचांच्या सावलीत. कोळसा, पाणी, राख यांचा खर्च मला कळतो. पण या वादात त्या खर्चाला फारसं कोणी विचारत नाही. बाजारभाव काय, आणि मुळात बाजार कोणता, एवढाच प्रश्न.

माझ्या अहवालावरच्या सुनावणीत आयकर अधिकारी म्हणाले, “उरलेली वीज तुम्ही ग्रिडला स्वस्तात देता. मग आपल्याच कारखान्याला महाग कशी?”

“साहेब, स्वतःचं केंद्र नसतं तर कारखान्याने वीज महावितरणकडूनच घेतली असती ना? मी तो दर धरलाय.”

त्यांच्या बाजूच्या तज्ज्ञाला हे मान्य नव्हतं.

६ डिसेंबर २०२३ रोजी जिंदाल स्टीलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. वाद २००१-०२ या करनिर्धारण वर्षाचा होता. राज्य वीज मंडळाला विकलेल्या विजेचा दर युनिटमागे २.३२ रुपये, कारखान्यासाठी धरलेला ३.७२. न्यायालयाने ३.७२ मान्य केला. जास्तीची वीज मंडळालाच विकावी लागत होती, घासाघीस करायला वावच नव्हता. तो खुला बाजार म्हणता येत नाही, हे त्यामागचं कारण. निकालपत्र वाचताना मला मनापासून बरं वाटलं. त्या जुन्या वादातल्या कंपनीच्या युक्तिवादात माझाच मुद्दा होता.

तरी आमचा वाद मिटला नाही. तो निकाल जुन्या तरतुदीवरचा, २०१२च्या दुरुस्तीनंतर बाजारभावाची व्याख्या बदलली, असं खात्याकडून मांडलं गेलं. माझ्या मते व्याख्या बदलली तरी गिऱ्हाईक बदलत नाही.

आता मी त्याच व्होल्टेजवरच्या औद्योगिक ग्राहकाचा दर घेतो आणि स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीजशुल्क वेगवेगळं मांडतो. यातलं वीजशुल्क बाजारभावात धरायचं की नाही, यावर त्या तज्ज्ञांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.