साठ नुक्ते

मगरिबला अब्बा मशिदीत एकटे जातात, उजेड असतो तोवर. परत आणायला मी जातो. जुन्या नाशकातल्या ज्या गल्लीत ते लहानाचे मोठे झाले, तिथेच आता माझा दंड धरून चालतात. रेटिनायटिस पिगमेंटोझा. आधी रातांधळेपणा आला, मग कडेचं दिसेनासं झालं. आता नळीतून पाहावं तेवढंच उरलंय. परवा माझ्या मुलाने त्यांना मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, मेंदूसारखं काम करणाऱ्या कृत्रिम नजरेची. अब्बांनी मला विचारलं, "बेटा, ये मेरे काम का है क्या?"

मी भाषेचा शिक्षक, चिप हा माझा विषय नाही. पण विचारणारे अब्बा होते, म्हणून वाचत बसलो.

डोळा म्हणजे कॅमेरा, असं मीही वर्गात सांगत आलोय. ते अर्धंच खरं. एका डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून जास्त, पण तिथून मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम दहा लाख. म्हणजे काय कळवायचं आणि काय सोडायचं, याची निवड पडद्यातच सुरू होते. कॅमेरा मात्र समोरची भिंत तीच असली तरी तिचं पूर्ण चित्र सेकंदाला पंचवीस-तीस वेळा पाठवत राहतो. अमेरिकेत कॅलटेकमध्ये मिशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी डोळ्याची ही रीत सिलिकॉनमध्ये उतरवली. १९९१ मध्ये त्यांचा त्यावरचा लेख गाजला. पुढे झुरिकच्या संशोधकांनी असा सेन्सर केला की प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे, उजेड बदलला तरच बोलतो. काही हललं नाही तर गप्प. (आम्हा शिक्षकांचं तेच. दंगा करणारी मुलं तेवढी दिसतात.)

यात वीज वाचते. आपला अख्खा मेंदू साधारण २० वॅटवर चालतो. संगणकात साठवण एकीकडे आणि हिशेब दुसरीकडे, त्यामुळे बरीच वीज माहितीच्या ये-जा करण्यातच जाते; मेंदूत दोन्ही एकाच जागी. आयआयटी मुंबईत उदयन गांगुली आणि त्यांचे सहकारी अशाच, फार कमी विजेवर चालणाऱ्या कृत्रिम चेतापेशींवर काम करतात. २०२२ मध्ये त्यांनी अशा पेशींचं जाळं बोललेले शब्द ओळखण्यासाठी वापरून दाखवलं. मुंबई म्हणजे आपल्यापासून चार तासांवर! वाचून जीव हरखला खरा.

पण अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं निघालं. या नव्या नजरेचं गिऱ्हाईक आधी ड्रोन, गाड्या आणि रोबो. माणसाच्या डोळ्यात बसवायचं आर्गस-२ नावाचं यंत्र नेमकं याच आजारासाठी होतं. अमेरिकेत २०१३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यात विजेचे ठिपके देणारी टोकं ६०. दाराची चौकट, खिडकीचा उजेड, एवढं जाणवायचं. २०१९ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं, आणि ज्यांच्या डोळ्यात ते होतं त्यांना बिघाड झाला तर विचारायला कोणी उरलं नाही.

हे अब्बांना सांगायचं की नाही, यात दोन दिवस गेले. शेवटी मशिदीतून येताना सांगितलं, सगळंच.

ते थोडा वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "साठ नुक्ते? इतने तो दो-तीन सतरों में लग जाते हैं."

"अब्बा, पायरी."

त्यांनी दंड घट्ट धरला.