माझं सूप, आजींचं सूप

"डॉक्टर, तुम्ही स्वतः रात्री काय जेवता?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. आज खरं उत्तर देतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सिस्टरने नवं बीपी मशीन तपासायला म्हणून माझ्याच दंडाला पट्टा बांधला. १५४/९६! आठवडाभर घरी मोजलं, फारसा फरक नाही. तेव्हा माझं 'हलकं' जेवण म्हणजे सूप. भाज्या घरच्याच, पण सोबत बटर, कॉर्नफ्लोअर, बाजारातली सूप क्यूब आणि वरून मीठ. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाकिटावर सोडियम लिहिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. हा गुणाकार मी पेशंटना शिकवत होतो, स्वतःच्या ओट्यावर कधी केला नव्हता.

गोळी सुरू केली (सूप हा गोळीला पर्याय नाही) आणि सूप बदलायला घेतलं. चार वाट्यांसाठी पाव किलो दुधी, एक गाजर, दोन टोमॅटो, एक कांदा, चार लसूण पाकळ्या आणि मूठभर मूगडाळ. कुकरला तीन शिट्ट्या. डाळीने दाटपणा येतो, कॉर्नफ्लोअर लागत नाही. मिक्सरमधून काढा, पण गाळू नका. गाळणीत राहतो तो चोथाच आतड्यांना हवा असतो. मीठ शेवटी, पाव चमचा. मग लिंबू, मिरपूड, भाजलेल्या जिऱ्याची पूड. आणि हो, दुधीचा तुकडा आधी चाखा. कडू लागला तर अख्खा दुधी फेका, कडू दुधी जिवावर बेतू शकतो. पहिले पंधरा दिवस सगळं मिळमिळीत लागलं. महिन्याभरात जीभ सरावली.

तोवर रोज पाऊण तास ओट्यापाशी उभं राहणं टिकलं ते गोष्टीमुळे. दिवसभर रिपोर्ट वाचून डोळे थकलेले असतात, म्हणून टोल्किनचं 'द हॉबिट' ऐकायला लावलं, अँडी सर्किसच्या आवाजात. सिनेमात गॉलम झालेला तोच नट. नियम एकच, गोष्ट फक्त स्वयंपाकघरात. पहिल्याच प्रकरणात तेरा बुटके न सांगता बिल्बोच्या घरी येऊन थडकतात आणि त्याचं कोठार रिकामं करत सुटतात. ते ऐकत भाजी चिरायला मजा येते. अंधारातल्या कोड्यांच्या प्रकरणाला मात्र मी जिरं जाळलं. इयरफोन लावत नाही, शिट्ट्या मोजायच्या असतात.

आता माझी चूक. उत्साहाच्या भरात मी हे सूप दवाखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो. सत्तरीच्या एका आजींना डायबेटिस, किडनी जरा कमजोर, टेल्मिसार्टन चालू. मी म्हणालो, "आजी, मीठ कमी करा, सूप घेत जा." एवढंच. मुलाने टोमॅटो-पालकाचं सूप दोन्ही वेळा सुरू केलं, आणि साध्या मिठाऐवजी 'लो सोडियम' मीठ आणलं. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. तीन आठवड्यांनी पाय गळून गेले म्हणून आजी आल्या. पोटॅशियम ६.२, जे साधारण ५ च्या आत हवं. याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून दोन दिवस ॲडमिट करावं लागलं. मुलाने विचारलं, "तुम्हीच सांगितलं होतं ना?" मी हो म्हणालो.

कमजोर किडनीला पोटॅशियम बाहेर टाकणं जमत नाही. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधं ते आणखी रोखून धरतात (म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका). भाजी उकळली की तिच्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं, आणि सूप म्हणजे तेच पाणी. किडनीचा त्रास असेल तर भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी ओतून द्या, मग नव्या पाण्यात सूप करा. टोमॅटो, पालक नको. लो सोडियम मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नका. आता सूप सांगायच्या आधी मी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे आकडे बघतो, आणि कृती चिठ्ठीवर लिहून देतो.

मागच्या आठवड्यात आजी तपासणीला आल्या होत्या. पोटॅशियम ४.६. "चव नाही हो तुमच्या सूपला," म्हणाल्या. मी माझ्या ऐकण्याच्या सवयीबद्दल सांगितलं. परवा मुलाचा फोन आला, नातवाने आजींना राक्षसांच्या गोष्टी लावून दिल्यात आणि भाजी आता त्या स्वतःच चिरतात.